मलेरियाची औषधे दुकानांतून काढून घेतल्याने काय साधेल?

काउंटरमागून:

गेल्या आठवड्यात इथे आलेला एक लेख वाचून दोन दिवस गप्प बसलो, पण आता राहवत नाही म्हणून सविस्तर लिहीत आहे. ज्यांच्या वाचनातून तो सुटला असेल त्यांच्यासाठी लेखकाचे म्हणणे थोडक्यात सांगतो. खाजगी औषध विक्रेत्यांना मलेरियातले फारसे कळत नाही, ते चाचणी न पाहता गोळ्या देतात, अर्धवट डोस विकतात, त्यामुळे परजीवी औषधांना दाद देईनासा होतो, आणि म्हणून मलेरियाची सगळी औषधे दुकानांतून काढून घेऊन फक्त सरकारी केंद्रांत ठेवावीत, असे ते म्हणतात. त्याखाली जवळपास प्रत्येकाने मान डोलावलेली आहे.

मी २२ वर्षे काउंटरमागे उभा आहे, औषधनिर्माणशास्त्राची पदविका रीतसर घेतलेली आहे, आणि 'विक्रेता' हा शब्द त्या लेखात ज्या सुरात वापरला आहे तो मला फार लागला. मागे एकदा रात्री नऊच्या सुमारास एक गृहस्थ तापलेल्या मुलाला खांद्यावर टाकून आले. हातात गोळ्यांच्या पट्टीचा कात्रीने कापलेला एक कोपरा होता, त्यावर औषधाच्या नावाची अर्धीच अक्षरे उरली होती, आणि 'यातल्या चार द्या' एवढीच त्यांची मागणी होती. औषध आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन असल्याचे मी ओळखले. मुलाचे वजन विचारले तर त्यांना ठाऊक नव्हते. मग त्यांना मुलासकट वजनकाट्यावर उभे केले, नंतर एकट्याला उभे केले आणि वजाबाकी केली. मूल १४ किलो ६०० ग्रॅम भरले. १५ किलोच्या आत एका वेळी एक गोळी, १५ ते २५ च्या दरम्यान दोन. म्हणजे केवळ चारशे ग्रॅमवर डोस दुप्पट होणार होता, आणि नुसत्या अंदाजाने मी दोन दिल्या असत्या तर कोणाला कळलेही नसते. त्यांना चार नव्हे, सहाच्या सहा गोळ्या दिल्या आणि पाकिटावर पेनाने वेळा लिहिल्या : आत्ता नऊ, पहाटे पाच, उद्या रात्री नऊ, परवा सकाळी नऊ, परवा रात्री नऊ, तेरवा सकाळी नऊ. गोळी उपाशीपोटी द्यायची नाही, कारण स्निग्ध पदार्थ पोटात नसेल तर ल्युमेफॅन्ट्रिन नीट शोषले जात नाही, आणि तासाभराच्या आत उलटी झाली तर तीच मात्रा पुन्हा द्यायची, हे दोनदा बजावले. पहाटे पाचचा गजर लावल्याशिवाय त्यांना काउंटरवरून हलू दिले नाही.

हे दुकान त्या रात्री बंद असते, किंवा उघडे असूनही माझ्याकडे ते औषध ठेवण्याची मुभा नसती, तर त्या मुलाने सकाळपर्यंत काय करायचे होते? मलेरियाच्या प्रदेशांत कित्येक कुटुंबांसाठी औषधाचे दुकान हाच पहिला दरवाजा असतो, आणि पुष्कळदा तोच शेवटचाही. विक्रेता शिकत नाही हेही खरे नाही. १९९० च्या दशकात केनियातील किलिफी भागात साध्या दुकानदारांना थोडे प्रशिक्षण दिले, तेव्हा मुलांच्या तापात पुरेशा मात्रेत क्लोरोक्विन हे मलेरियाचे जुने औषध मिळण्याचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खालून ६५ टक्क्यांच्या आसपास गेले. टांझानियाने २००३ मध्ये रुवुमा प्रांतापासून सुरुवात करून दुकानांना प्रशिक्षण, तपासणी आणि मान्यता देण्याची पद्धत बसवली. दरवाजा बंद करण्याऐवजी तो नीट बसवता येतो, एवढेच माझे म्हणणे आहे.


बालरोग_वॉर्ड:

आपला प्रसंग लक्षपूर्वक वाचला. वजन केलेत, वेळा लिहिल्यात, उलटीचे सांगितलेत. यातले बरेचसे आमच्या बाह्यरुग्ण विभागातही नेमाने होत नाही, हे मी मान्य करते. पण या संपूर्ण वर्णनात रक्ताची चाचणी कुठे आहे? त्या मुलाला मलेरिया होता हे आपल्याला कोणी सांगितले? कापलेल्या पट्टीच्या कोपऱ्याने? आपण एका अज्ञात तापाला मलेरियाचा अचूक डोस दिलात. त्या मुलाला न्यूमोनिया असता तर पहाटे पाचच्या गजराने त्याच्या छातीचे काय भले झाले असते?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० पासून सर्व वयोगटांसाठी स्पष्ट सांगितले आहे की आधी चाचणी आणि मग औषध. त्यापूर्वी आफ्रिकेतील जास्त प्रादुर्भावाच्या भागांत पाच वर्षांखालच्या मुलांच्या तापाला मलेरिया समजून औषध देणे मान्य होते. आपण ज्या किलिफीचे उदाहरण देता ते त्या काळातले आहे.

आता माझी बाजू. माझ्या वॉर्डात एक मूल चौथ्या दिवशी झटके येत असलेल्या अवस्थेत आले. आईच्या पिशवीत नुसत्या आर्टेसुनेटच्या गोळ्यांचे पाकीट होते, एका दुकानातून घेतलेले. पहिल्या दोन दिवसांत ताप उतरला म्हणून गोळ्या थांबवल्या होत्या. आर्टेसुनेट ज्यात मोडते ती आर्टेमिसिनिन वर्गातील औषधे परजीवींची संख्या झपाट्याने खाली आणतात, पण काही तासांतच शरीरातून निघून जातात, म्हणून सोबत रेंगाळणारे दुसरे औषध लागते, आणि ते नसेल तर गोळ्या सात दिवस घ्याव्या लागतात. ताप उतरल्यावर सात दिवस कोण घेतो? संघटनेने तोंडाने घेण्याची ही एकेरी औषधे बाजारातून काढा असे २००६ मध्येच सांगितले होते. ती त्या पाकिटात का होती, याचे उत्तर आपल्या व्यवसायाने द्यायला हवे. मूल वाचले, पण चालताना त्याचा तोल जातो. त्या आईने 'दुकानदाराने सांगितले होते' हे वाक्य मला किती वेळा ऐकवले ते मी मोजलेले नाही.

एखादे औषध सगळीकडून काढून घेतल्याने काही साधत नाही असे ज्यांना वाटते त्यांनी मलावी पाहावा. त्या देशाने १९९३ मध्ये क्लोरोक्विन बंद केले. तेव्हा ते जवळपास निकामी झालेले होते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याच देशात क्लोरोक्विन दिलेल्या ८० मुलांपैकी ७९ जण बरे झाले. औषधाचा वापर थांबला आणि त्याला न जुमानणारे परजीवी मागे पडले.


काउंटरमागून:

त्या मुलाबद्दल मनापासून वाईट वाटते, आणि एकेरी आर्टेसुनेट विकणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण ते औषध त्या दुकानदाराने घरी बनवले नव्हते. कोणीतरी त्याला परवाना दिला, कोणीतरी ते बनवले, कोणीतरी साखळीतून खाली ढकलले, आणि शेवटचा माणूस समोर दिसतो म्हणून जाब त्यालाच विचारला जातो.

मलावीचे उदाहरण मात्र आपल्या बाजूचे नाही. तिथे एक औषध मागे घेतले ते दुसरे हाती देऊन. दुकानांचे दरवाजे लावून नव्हे. आणि चाचणीबद्दल विचारता, तर चाचणीचे किट माझ्याकडे नव्हते आणि ते वापरण्याची परवानगीही नव्हती. ज्या गोष्टीची मनाई आहे ती केली नाही म्हणून मला दोषी ठरवणे अन्यायाचे आहे.


पाहणीवाली:

मी तीन वर्षे औषध दुकानांच्या पाहणीचे काम केले आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंना थोडे कडू वाटेल असे लिहिते.

आम्ही प्रत्येक दुकानात दोनदा जायचो. पहिल्यांदा उघडपणे प्रश्नावली घेऊन, आणि काही आठवड्यांनी आमच्यापैकीच दुसरे कोणी गिऱ्हाईक बनून. एका दुकानातला प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे. प्रश्नावलीच्या वेळी मालकाने सहा डोस, वजनाचे गट, गंभीर आजाराची लक्षणे, सगळे न अडखळता सांगितले. झटके येणे, पाणीही न पिता येणे, सतत उलट्या, लघवी गडद होणे, यातले काहीही दिसले तर मी औषध न देता दवाखान्यात पाठवतो, असेही म्हणाले. मी वहीत पूर्ण गुण लिहिले. तीन आठवड्यांनी आमचा सहकारी 'काकांना ताप आहे, हिवतापाच्या थोड्या गोळ्या द्या, पूर्ण नको' असे म्हणत गेला, तेव्हा त्याच मालकांनी एकही प्रश्न न विचारता कात्री उचलली आणि पट्टी मधोमध कापून दिली. पुढे ओळख सांगून कारण विचारले तेव्हा ते रागावले नाहीत, खजीलही झाले नाहीत. म्हणाले, 'बाई, मी नाही म्हटले तर तो पलीकडच्या दुकानात जातो, आणि तिथे त्याला याहूनही वाईट मिळते.'

म्हणून 'विक्रेत्याला माहीत नाही' हे रडगाणे मला पटत नाही. बऱ्याचदा त्याला माहीत असते. माहीत असणे आणि गिऱ्हाईकाच्या तोंडावर नाही म्हणणे यांच्यामध्ये त्याचा धंदा उभा असतो. आणखी एक गोष्ट कोणी बोलत नाही. प्रशिक्षणाला परवानाधारक येतो, प्रमाणपत्र त्याच्या नावाने भिंतीवर लागते, आणि संध्याकाळच्या गर्दीत काउंटरवर उभा असतो तो कालपरवा कामाला लागलेला पोरगा. आम्ही गिऱ्हाईक बनून जायचो तेव्हा पुष्कळदा गाठ त्याच्याशीच पडायची. काउंटरमागून यांनी जे वजन केले ते त्यांच्या गैरहजेरीत त्यांचा मदतनीस करतो का, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगावे.


काउंटरमागून:

तुमच्या पाहणीची पद्धत मला मुळातच पटत नाही. खोटे गिऱ्हाईक पाठवायचे, त्याच्या तोंडून 'पूर्ण नको' असे वदवून घ्यायचे, आणि मग कात्री उचलली म्हणून गुण कापायचे, याला मी सापळा म्हणतो. खरे गिऱ्हाईक असते तर दुकानदाराने त्याची घालमेल ओळखून दोन शब्द जास्त बोलले असते. तुमचा माणूस निर्विकार उभा राहतो आणि दुकानदाराला वाटते की याला बोलण्यात रस नाही.

मदतनिसाचा प्रश्न विचारलात म्हणून उत्तर देतो. नाही, तो दर वेळी वजन करत नाही. मी जेवायला गेलो की काय होते ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. हे लिहिताना मला बरे वाटत नाही, पण विचारलेत म्हणून लिहिले.


स्लाइड_आणि_स्टेन:

मी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. इतका वेळ चाललेल्या वादात चाचणी या शब्दाचा उच्चार प्रत्येकाने केला, पण ती दुकानात होऊ शकते की नाही यावर कोणीच नेमके बोलले नाही.

रॅपिड टेस्टला बोटातून रक्ताचा एक लहानसा थेंब पुरतो. ठरलेल्या खाचेत रक्त, दुसऱ्या खाचेत द्रावण, आणि किटच्या प्रकाराप्रमाणे साधारण १५ ते २० मिनिटे थांबणे. नियंत्रणरेषा, म्हणजे किट नीट चालल्याची खूण, उमटली नाही तर ती चाचणी बाद. पाचव्या मिनिटाला पाहून 'निगेटिव्ह' म्हणायचे नाही, आणि तासाभराने उमटलेली पुसट रेघ धरायची नाही. हे शिकवायला काही वर्षे लागत नाहीत. युगांडात औषध दुकानदारांना हे शिकवून किट दिले, तेव्हा लोकांनी दुकानात चाचणी करून घेतली आणि बहुतेक दुकानदारांनी निकालाप्रमाणे औषध दिले किंवा दिले नाही. तेव्हा 'दुकानदाराला ते झेपणार नाही' हा आक्षेप टिकत नाही.

मर्यादा मात्र सांगितल्याच पाहिजेत. फाल्सिपेरम या मलेरियाच्या घातक प्रकारासाठीची बरीचशी किटे एचआरपी-२ हे प्रथिन शोधतात, आणि ते प्रथिन रुग्ण बरा झाल्यावरही काही आठवडे रक्तात राहते. म्हणजे मागच्या महिन्यात उपचार झालेल्या माणसाला आज विषाणूजन्य ताप आला तरी रेघ उमटू शकते. आधी औषध कधी घेतले होते हे दुकानदाराने विचारलेच पाहिजे. उलट बाजूने, हे प्रथिन तयार करणारे जनुकच गमावलेले परजीवी पेरूमध्ये सापडले आणि पुढे इरिट्रियासारख्या देशांतही आढळले. तिथे हीच किटे मलेरिया असूनही कोरी राहतात. आणि किट उन्हात तापलेल्या फळीवर ठेवले तर ते बिघडते, हे मी स्वतः पाहिले आहे. माझे मत विचाराल तर किट दुकानात द्यावे, पण किटसोबत ही पाचसात वाक्येही द्यावीत.


बालरोग_वॉर्ड:

स्लाइड_आणि_स्टेन यांनी चाचणी होऊ शकते हे सांगितले. माझी भीती त्याच्या पुढची आहे. चाचणी निगेटिव्ह आली, समोर तापलेले मूल आहे, बाप पाकीट काढून उभा आहे. दुकानदार आता काय विकणार? काहीतरी विकल्याशिवाय तो त्यांना परत पाठवणार आहे का? पाठवणार नाही. तो अँटिबायोटिक देणार. मलेरियाच्या रॅपिड टेस्ट वापरात आल्यावर निगेटिव्ह रुग्णांना अँटिबायोटिक देण्याचे प्रमाण वाढल्याचे निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांतून दिसले आहे. म्हणजे मलेरियाच्या औषधांवरचा ताण आपण उचलायचा आणि अँटिबायोटिकांवर टाकायचा. जिवाणू औषधांना जुमानत नाहीत म्हणून अंथरुणाला खिळलेली मुले मला रोज दिसतात.


काउंटरमागून:

ते अभ्यास मीही वाचले आहेत. त्यांतली बरीचशी माहिती आरोग्य केंद्रांतली आहे. म्हणजे निगेटिव्ह चाचणीनंतर अँटिबायोटिक लिहिणाऱ्या हातांत पुष्कळसे हात आपल्या बाजूचे होते, माझ्या बाजूचे नव्हते. टांझानियातला २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यासही आपल्याला ठाऊक असेल. तिथे रुग्णालयांत चाचणी निगेटिव्ह आल्यावरही निम्म्याहून अधिक रुग्णांना मलेरियाचेच औषध लिहून दिले गेले. लिहिणारे दुकानदार नव्हते. आपण डॉक्टर चाचणी मागवता, निकाल पाहता, आणि मग आपल्या मनात असलेलेच औषध लिहिता, आणि प्रतिकाराचे खापर मात्र माझ्या काउंटरवर फुटते. माझ्या हातात अशी चिठ्ठी येते तेव्हा ती मी बदलू शकत नाही. बदलली तर मी अधिकाराबाहेर गेलो, न बदलली तर मी अज्ञानी ठरलो. आपल्यापैकी किती जणांनी एकदा तरी दुकानात फोन करून 'या चिठ्ठीत काही चुकले आहे का' असे विचारले आहे?


बालरोग_वॉर्ड:

आवाज चढवून मुद्दा बदलू नका. डॉक्टर चुकतात म्हणून दुकानदाराने चुकावे, हा युक्तिवाद मला अजिबात मान्य नाही. चिठ्ठी चुकीची असेल तर ती लिहिणाऱ्याचे नाव त्यावर असते, त्याला जाब विचारता येतो. आपण चिठ्ठीशिवाय दिलेल्या गोळीवर कोणाचे नाव असते? त्या आईच्या पिशवीतल्या पाकिटावर कोणाचेही नव्हते.

त्या अभ्यासाबद्दल एवढे मान्य करते की तो खरा आहे आणि आमच्यासाठी लाजिरवाणा आहे. तेव्हाच्या डॉक्टरांचा निगेटिव्ह निकालावर विश्वास बसत नव्हता. तो बसायला वर्षे लागली आणि अजून सगळ्यांचा बसलेला नाही.


गडद_लघवी:

तुम्हा दोघांचे भांडण वाचून मला राहवले नाही. माझ्या धाकट्या भावाला व्हायव्हॅक्स या प्रकारचा मलेरिया झाला होता. डॉक्टरांनी प्रायमाक्विन १४ दिवस लिहून दिले आणि दुकानदाराने ते मोजून दिले. चाचणी झाली होती, चिठ्ठी होती, डोस बरोबर होता, पट्टी कापलेली नव्हती. तुम्ही दोघे ज्या ज्या गोष्टींवरून भांडता त्या सगळ्या नीट झाल्या होत्या. तिसऱ्या दिवशी त्याची लघवी चहासारखी गडद झाली, डोळे पिवळे दिसू लागले, आणि जिना चढताना तो पायरीवरच बसला. त्याला जी-६-पीडी या विकराची कमतरता होती. ती असलेल्या माणसाच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटू शकतात, हे आम्हाला रुग्णालयात भरती झाल्यावर कळले.

यकृतात दडून राहिलेले परजीवी काढायला हे औषध लागते हे मला आता समजते, त्यामुळे औषधावर माझा राग नाही. पण डॉक्टरांनी विचारले नाही, आणि दुकानदारानेही विचारले नाही. पूर्वी कधी औषधाने कावीळ झाली होती का, घरात कोणाला असा त्रास झाला होता का, लघवी गडद झाली तर लगेच गोळ्या थांबवून या, एवढी तीन वाक्ये. ती बोलणे कोणाचे काम होते, हे मला आजपर्यंत कोणी सांगितलेले नाही. डॉक्टर म्हणतात दुकानदाराने समजावायला हवे, दुकानदार म्हणतो डॉक्टरांनी पाहिले असेलच.


काउंटरमागून:

यावर माझ्याकडे उत्तर नाही. ते वाक्य बोलणे माझे काम आहे. चिठ्ठी आली म्हणजे कोणीतरी विचार केला असेल असे धरून मीही प्रायमाक्विन मोजून दिलेले आहे, आणि दर वेळी विचारले असेन असे मी म्हणू शकत नाही.


पाहणीवाली:

बोलणे भरकटत चालले आहे, म्हणून मूळ प्रश्नाकडे येते. औषधे दुकानांतून काढावीत की नाहीत?

काढू नयेत, पण स्वस्त करून सोडून देणेही पुरेसे नाही. २०१० पासून सात आफ्रिकी देशांत जो मोठा प्रयोग झाला, त्यात कारखान्याच्या पातळीवर अनुदान देऊन हिरव्या पानाचे चिन्ह असलेली दर्जेदार संयुक्त औषधे दुकानांत पोचवली. बहुतेक ठिकाणी ती दुकानांत दिसू लागली, किमती उतरल्या, निकामी औषधे मागे पडली. हे यश मी नाकारत नाही. पण केनियात याच धर्तीवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले की दुकानांतून गेलेल्या अनुदानित औषधांपैकी निम्म्याहून अधिक औषध मलेरिया नसलेल्यांच्या पोटात गेले. किट नसेल तर स्वस्त औषध अंदाजानेच वाटले जाते. म्हणून माझे मत असे आहे की किट आणि औषध एकाच परवान्यात बांधावे, वजनाच्या गटाप्रमाणे न कापता येणारी पूर्ण पाकिटेच दुकानांत यावीत, आणि परवानाधारकासोबत मदतनिसालाही शिकवावे. पट्टीच कापता आली नाही तर दुकानदाराला नाही म्हणण्याची वेळच येत नाही. त्याच्या जिभेपेक्षा पाकिटावर माझा जास्त भरवसा आहे.


घाऊकचा_माणूस:

पाकिटावर भरवसा ठेवताना थोडे जपून. आग्नेय आशियात गोळा केलेल्या आर्टेसुनेटच्या ३९१ नमुन्यांपैकी जवळपास निम्मे बनावट असल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. पाकिटांवर होलोग्रामही होते, तेही बनावट. साखळीच्या वरच्या टोकाला असे होत असेल तर काउंटरवरच्या माणसाच्या ज्ञानाने काय होणार? बिलाशिवाय माल घेऊ नका, खूप स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका, एवढे तरी दुकानदारांनी पाळावे. मला इतकेच सांगायचे होते.


बालरोग_वॉर्ड:

दोन दिवस विचार करून हा प्रतिसाद लिहीत आहे. दुकानांतून सगळी औषधे काढावीत या मताला मी गेल्या आठवड्यात दुजोरा दिला होता. तो आता पूर्णपणे मागे घेत नाही. जिथे किट नाही तिथे मलेरियाचे औषध असू नये, हे माझे मत कायम आहे. मात्र जिथे किट आहे, प्रशिक्षण आहे आणि निगेटिव्ह आल्यावर विनाऔषध परत पाठवण्याची तयारी आहे, तिथे ते असायला माझी हरकत नाही. हे मी फारशा आनंदाने लिहीत नाही.

काउंटरमागून यांना एक विचारायचे आहे. गंभीर लक्षणे दिसली म्हणून आपण एखाद्याला आमच्याकडे पाठवता तेव्हा सोबत काही लिहून देता का? आमच्याकडे मूल बेशुद्ध येते, आईला गोळीचे नाव सांगता येत नाही, आणि पहिला डोस कधी दिला हे कोणालाच माहीत नसते. मग किटवर रेघ दिसली तर तिचा अर्थ लावणे कठीण होते, आणि आधी नेमके काय पोटात गेले आहे याचा अंदाज बांधत इंजेक्शन सुरू करावे लागते.


काउंटरमागून:

आजवर तोंडी सांगून पाठवत होतो. पाकिटावर वेळा लिहितो, पण पाठवतो त्याला औषधच देत नसल्यामुळे पाकीट नसते, आणि कागद द्यायचे कधी सुचले नाही.

सुचवा, काय लिहू?


बालरोग_वॉर्ड:

मुलाचे वजन. ताप कधीपासून. चाचणी केली असल्यास किटचा प्रकार, वेळ आणि निकाल. याआधी घेतलेल्या औषधाचे पूर्ण नाव, आणि पट्टीचा तुकडा असेल तर तोच कागदाला टाचून द्या. शेवटची गोळी किती वाजता. आणि खाली आपले नाव.


काउंटरमागून:

नावासकट लिहीन. आज संध्याकाळी मदतनिसाला बसवून त्याच्याकडून दहा चिठ्ठ्या लिहून घेतो.